आक्काचं प्लास्टर आणि माझं दुखणं

"तुम्हाला डिप्रेशन आहे," डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की आता मला बघायला कोण येणार?

खोटं कशाला सांगू. अशा वेळी दुसऱ्या कुणाला देव आठवत असेल, पोरं आठवत असतील. माझं लक्ष शेजारच्या खुर्चीत बसलेल्या माझ्या थोरल्या जावेच्या पायाकडं होतं. जिन्यावरून पडून तिचा पाय मोडला होता. गुडघ्यापर्यंत पांढरंशुभ्र प्लास्टर. बाहेर बाकावर बसलेल्या माणसांनी उठून तिला जागा दिली होती. कंपाउंडरनंही तिच्याकडंच बघून विचारलं होतं, "पेशंट ह्याच न्हवं?" पेशंट मी होते. मला कुणी बस म्हटलं नव्हतं.

डॉक्टरांनी आजाराचं पूर्ण नाव सांगितलं, मेजर डिप्रेसिव्ह डिसऑर्डर. मग सोपं करून सांगितलं. मन सगळ्यांचंच कधी ना कधी उदास होतं, आणि ती उदासी जाते. पण ती उदासी रोज, दिवसभर, दोन आठवड्यांच्या वर टिकली, आणि झोप, भूक, काम, विचार सगळ्यात शिरली, तर तो स्वभाव नाही, आळस नाही. तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. "तुम्ही फार उशिरा आलात," त्या म्हणाल्या, "पण आलात हे बरं केलंत."

उशीर का झाला ते सांगण्यासाठीच हे लिहितेय. तुमच्या घरात कुणी असं गप्प बसून असेल, किंवा तुम्ही स्वतःच बसला असाल, तर आमच्या घरानं केलेला खुळेपणा तुम्ही करू नका.

आमचं घर कोल्हापुरात, एका जुन्या पेठेत. वरच्या मजल्यावर थोरले दीर आणि जाऊ, खाली आम्ही. दोघा भावांचं मिळून लेथ मशीनचं वर्कशॉप. माझा मुलगा पुण्याला नोकरीला. जावेला मी आक्का म्हणते. आणि माझं स्वतःचं म्हणाल तर कांदा-लसूण चटणी. उन्हाळा आला की आमची निम्मी गल्ली आपल्या मिरच्या माझ्याकडं आणून टाकायची. मिरची निवडायची, खोबरं-तीळ-मसाला भाजायचा, मिरची-कांडपाच्या डंकावर जाऊन कुटून आणायचं. सुमनच्या हाताची चटणी म्हणजे नाद करायचा नाही, असं लोक म्हणायचे. ते ऐकायला मला फार आवडायचं.

दुखणं येतं हत्तीच्या पावलांनी आणि जातं मुंगीच्या पावलांनी म्हणतात. माझं यायलासुद्धा मुंगीच्याच पावलांनी आलं. थंडीच्या दिवसांत पहाटे लवकर जाग यायला लागली. जाग यायची आणि छातीवर जातं ठेवल्यासारखं वाटायचं. मग जेवण नको झालं. मग अंघोळ. केस विंचरणं म्हणजे मोठं काम वाटायला लागलं. टीव्हीवर माणसं बोलायची आणि माझ्या कानातनं आरपार जायची. रडूही यायचं नाही. लोकांना वाटतं डिप्रेशन म्हणजे रडणं. माझं रडणंच बंद झालं होतं.

शिमगा झाला आणि मिरच्या आल्या. मसाला भाजायला बसले तर मला वासच कळेना. खोबरं करपलं. दुसऱ्या दिवशी मीठ दोनदा पडलं. बायका तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या मिरच्या वरच्या मजल्यावर गेल्या. आक्कानं माझ्याच पद्धतीनं चटणी केली, आणि गल्ली म्हणाली, आक्काची चटणी भारीच की. माझ्या जिवाचा नुसता जळफळाट झाला. पण उठून परत तवा ठेवायची ताकद नव्हती. पडल्या पडल्या जळत राहिले.

त्यातच मिरच्या वाळत घालायला गच्चीवर जाताना आक्का पडली.

आणि मग जी जत्रा भरली, काय सांगू. आमच्यात आजारी माणसाला बघायला जायचं म्हणजे जायचंच. शत्रूच्या घरी असलं तरी जायचं. शहाळी आली, मोसंबी आली, बिस्किटाचे पुडे आले. जिन्यावर चपलांचा ढीग. सगळ्यांना जिना चढून वर जायचं तर माझ्या दारावरूनच जायचं होतं. दार उघडंच असायचं. मी आत पडलेली असायचे. येता जाता बायका डोकावून म्हणायच्या, "काय सुमन, झोपलीस व्हय?" आणि वर जायच्या.

सगळ्यात वर्मी लागलं ते माझ्या दादाचं. माझा सख्खा भाऊ, पेठ वडगावहून गाडी काढून आला. हातात केळ्यांचा घड. मी उठून बसले. म्हटलं, कुणीतरी त्याला माझं सांगितलं वाटतं. तो म्हणाला, "वैनींच्या पायाचं कळलं, म्हटलं बघून यावं. तू बरी हाईस न्हवं?" आणि घड घेऊन वर गेला. मला त्या केळ्यांचा राग आला. तुम्ही हसाल, पण त्या दिवशी मी देवाला म्हटलं, माझंबी एक हाड मोड.

घरचे लक्ष देत नव्हते असं नाही. त्यांना वाटलं अशक्तपणा. आमच्या कोल्हापुरात कुठल्याही दुखण्याला पहिला उपाय खाणं. आमच्या ह्यांनी चौकात म्हशी पिळतात त्या दूधकट्ट्यावरून धारोष्ण दूध आणलं, काकवी आणली, मटणाचा पांढरा रस्सा करून घातला. "पी. चार दिवसांत हुबी ऱ्हाशील," म्हणाले. मी प्याले. उभी काही राहिले नाही.

मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. आणि काय आश्चर्य, बाटली टांगली तशा गल्लीतल्या तीन बायका मला बघायला आल्या. "अगं बया, सलाईन लागली?" असं म्हणत पलंगाभोवती बसल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आजाराला पुरावा मिळाला. संध्याकाळी सुई काढली, बायका गेल्या आणि मी होते तिथंच. मग मीच मागायला लागले, डॉक्टर, अजून एक लावा. त्यांनी लावलं. असं करत करत उन्हाळा निम्मा गेला. सलाईन म्हणजे मीठ-साखरेचं पाणी, त्यानं मनाचा आजार बरा होत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तुमच्या घरातलं माणूस पुन्हा पुन्हा ताकदीचं इंजेक्शन मागत असेल तर ते नक्की काय मागतंय ते एकदा विचारा.

मधे नृसिंहवाडीलाही जाऊन आलो. कुणीतरी म्हणालं, बाहेरचं काही असेल. वाडीला माझी श्रद्धा आहे, अजूनही आहे. घाटावर बसून मी संगमाकडं बघत होते. देवळात एक बाई घुमत होती, केस सुटलेले, आणि घरचे तिला धरून, पाणी पाजून, पुसून घेत होते. मला तिचासुद्धा हेवा वाटला. तिला काय झालंय ते सगळ्यांना दिसत होतं. मला काहीच होत नव्हतं. मी साडी नीट नेसून बसले होते. येताना बासुंदी खाल्ली ती मातीसारखी लागली.

हेवा हा शब्द मी सारखा लिहितेय, कारण त्या दिवसांत मला दुसरं काही जाणवतच नव्हतं. भूक मेली होती, माया मेली होती, मुलाचा फोन आला तरी उचलावासा वाटायचा नाही. फक्त जळणं तेवढं शिल्लक होतं. भाजी निवडणाऱ्या बाईचा हेवा. रिक्षात बसून मोठ्यानं भांडणाऱ्या बाईचा हेवा. हिला भांडावंसं तरी वाटतंय, असं वाटायचं.

आणि मग गल्लीतली कुसुमकाकी गेली. म्हातारी झाली होती, झोपेतच गेली. मी जाऊन आले. सगळ्या बायका हळहळत होत्या, किती मायाळू होती, किती कामाची होती, सोन्यासारखं मरण आलं. मी तिच्याकडं बघत उभी होते आणि मला तिचा हेवा वाटला.

परत आल्यावर वर आक्काकडं गेले. पायामुळं तिला जाता आलं नव्हतं, सांगायला कुणीतरी हवंच होतं. ती प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून लसूण सोलत होती. मी म्हटलं, "नशीबवान बघ कुसुमकाकी. आपल्या वाट्याला कधी येतंय काय म्हाईत."

असं आपल्यात बायका बोलतातच. दुसरी कुणी असती तर "व्हय बाई, सुटली" म्हणून पुढची पाकळी सोलली असती. आक्कानं मांडीवरचं लसणाच्या पाकळ्यांचं सूप खाली ठेवलं.

"सुमन, हिकडं बघ," ती म्हणाली. "तू जिवाचं काय बरंवाईट करून घेनार हाईस काय?"

असं सरळ. आमच्यात आडवळण नसतंच. मी म्हणाले, काहीतरीच काय. तर म्हणाली, "काहीतरीच न्हाई. मला खरं सांग. मी वरडनार न्हाई, रडनार न्हाई."

मी खाली बसले आणि सांगितलं. व्हय, तसं मनात येतंय. रोज येतंय. मनात काय काय येत होतं ते इथं लिहीत नाही, त्याची गरज नाही. पण ते शब्द तोंडातून बाहेर पडले आणि कित्येक महिन्यांनी मला रडू फुटलं.

आक्कानं खरंच आरडाओरडा केला नाही. ती म्हणाली, "माझी धाकटी बहीण, शोभी. हातकणंगल्याकडं दिलेली." शोभी तापानं गेली एवढंच आम्हाला ठाऊक होतं. "ताप कसला. आमच्या आजीच्या दिवसकार्याला ती अशीच म्हणाली, आजी नशीबवान, सुटली. सगळी हसली. मीबी हसलो. महिन्याच्या आत गेली बघ, स्वतःच्या हातानं. तवापासनं आम्ही लोकांस्नी ताप म्हणून सांगतो."

एवढी वर्षं एका घरात राहून तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्यासाठी सांगितलं.

मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि दिरांना हाक मारली. "रिक्षा बोलवा. हिला मनाच्या डॉक्टरकडं न्यायचं हाय. आत्ताच. मी येतो संगं." दीर म्हणाले, तू कशी येणार, पाय हाय का जाग्यावर? "पाय मोडलाय, तोंड न्हाई मोडलं," आक्का म्हणाली आणि वॉकर ओढला. जिन्यावरून ती बसत बसत उतरली. एकेक पायरी. खाली पोचेपर्यंत घामानं भिजली होती.

आणि तरीही त्या दवाखान्यात तिला जागा मिळाल्याचा मला हेवा वाटला. आजार कसा असतो तो असा.

डॉक्टरांनी अर्धा तास विचारलं. झोप कधी तुटते, भूक कशी आहे, आपण कुणाच्या उपयोगाच्या नाही असं वाटतं का, लक्ष लागतं का, मरणाचे विचार किती वेळा येतात. त्यांनीही आक्कासारखंच सरळ विचारलं. म्हणाल्या, "विचारल्यानं हा विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट विचारलं की माणसाला दार सापडतं." मग आमच्या ह्यांना वर्कशॉपमधून बोलावून घेऊन सांगितलं, सध्या मला एकटं सोडायचं नाही, औषधं माझ्या हाताशी ठेवायची नाहीत, आणि विचार वाढले तर वेळ न बघता इथं घेऊन यायचं. गरज पडली तर ॲडमिट करू, त्यात लाजायचं काही नाही.

रक्त तपासायला दिलं. हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह, आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी. थायरॉइड बिघडला तरी माणसाचं असं होतं, म्हणून ते आधी बघतात. मी मनातल्या मनात नवस बोलले, थायरॉइड निघू दे. थायरॉइडला लोक विचारतात, त्याला मान आहे. आमच्या शेजारच्या बाईला थायरॉइड निघाला तर तिच्या नवऱ्यानं तिला भांडीसुद्धा घासू दिली नव्हती. माझे रिपोर्ट नॉर्मल आले. लॅबच्या दारात नॉर्मल रिपोर्ट घेऊन रडणारी मी एकटीच असेन. आमच्या ह्यांनी मात्र गल्लीत थायरॉइडच सांगून टाकला.

गोळी सुरू झाली. एसएसआरआय नावाच्या गटातली, म्हणजे मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन नीट कामाला लावणारी. व्यसन लागतं, माणूस सुस्त होतो, असलं काही काही लोक सांगतात, माझं तसं काही झालं नाही. फक्त सुरुवातीला मळमळ झाली आणि जीव घाबरा व्हायचा. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्रास आधी येईल आणि गुण नंतर, तीन-चार आठवडे धीर धरा, मनानं बंद करू नका. आठवड्यातून एकदा समुपदेशक बाईंकडं बोलायला जायचं. तिथं काय बोलायचं मला कळायचं नाही. पहिल्या वेळी मी नुसती आक्काची चहाडी केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

आक्का वॉकर घेऊन खालीच राहायला आली. समोरासमोर दोन पलंग, एक पायानं अधू, एक डोक्यानं. बघायला येणाऱ्यांची रांग अजून चालूच होती. एकदा चार बायका आल्या आणि नेहमीप्रमाणं तिच्या पलंगाभोवती बसल्या. आक्का म्हणाली, "मला काय धाड भरलीया. हिला बघा. आजारी ही हाय. डिप्रेशन झालंय तिला."

आमचे हे दारात होते, त्यांचा चेहरा पडला. मग एक बाई म्हणाली, "अगं, मनावर घ्यायचं न्हाई. कामात जीव रमवायचा."

"असं?" आक्का म्हणाली. "मग माझ्या पायालाबी सांग की. म्हणावं मनावर घेऊ नको, चाल."

बायका हसल्या. मीही हसले की काय आठवत नाही. पण जाताना त्यातली एक मागं राहिली आणि तिनं हळूच विचारलं, दवाखाना कुठं आहे, सुनेचं बाळंतपण झाल्यापासून सून बोलतच नाही. मी पत्ता सांगितला. म्हटलं, उद्याच न्या. आमच्यासारखं रस्सा पाजत बसू नका. त्या दिवसापासून आमच्या ह्यांनी थायरॉइड म्हणणं बंद केलं.

गुण कधी आला ते नेमकं सांगता येत नाही. एका दुपारी आक्कानं भाकरीवर चटणी घालून दिली. खाल्ली आणि मी म्हटलं, "लसूण कच्चा ठेवलायस. खोबरंबी नीट भाजलं न्हाईस." आक्का मोठ्यांदा ओरडली, "भाऊजी, हिकडं या, हिला चव कळाय लागली." स्वतःच्या चटणीला नावं ठेवली म्हणून एवढी खूश झालेली बाई मी पहिल्यांदा बघितली.

डॉक्टरांना मी एकदा विचारलं, हे जळणं कधी जाणार? त्या म्हणाल्या, "जिवंत माणसाचा हेवा वाटला तर वाटू दे. म्हणजे तुम्हाला अजून काहीतरी हवंय. मेलेल्या माणसाचा वाटला तर त्याच दिवशी मला फोन करायचा." एवढंच मी पाठ करून ठेवलंय आणि तुम्हीही ठेवा. कुणी "सुटला बिचारा" म्हणताना त्याच्या आवाजात हेवा ऐकू आला तर हसू नका. जवळ बसून विचारा. आणि स्वतःलाच तसं वाटलं तर घरातल्या एकाला तरी सांगा. घरात कुणी नसेल तर सरकारी दवाखान्यात मनाचा विभाग असतो, १४४१६ ही सरकारची फुकट फोनसेवा आहे, तिथं सांगा.

गोळी अजून चालू आहे. बरं वाटलं म्हणून लगेच सोडायची नाही, डॉक्टर सांगतील तेव्हा हळूहळू कमी करायची. पावसाळ्यात चार दिवस पुन्हा खाली घसरले होते, तेव्हा ती वाढवली. लाज वाटली नाही. आक्काचं प्लास्टर निघालं, आता ती माझ्यापेक्षा भरभर चालते. तेही मला फारसं आवडत नाही.

भाऊबीजेला दादा आला. ह्या वेळी सरळ माझ्याकडं आला आणि माझ्याजवळ बसून राहिला. आक्कानं फोन करून त्याला सगळं सांगितलं होतं. मी पाट मांडला, ओवाळलं. आक्का दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. तिला भाऊ नाही. एकच बहीण होती. दरवर्षी ह्या वेळेला ती वर निघून जाते. आज थांबली होती.

"काय बघतीयास?" मी विचारलं.

"काय न्हाई," ती म्हणाली. "तुझ्या भावाचा हेवा वाटला."

"त्याचा? त्याच्यात काय हाय हेवा वाटण्यासारखं?"

"त्याची बहीण जगली."

मला माझ्या भावाला दुसऱ्या कुणी ओवाळलेलं आजवर कधी खपलेलं नाही. चुलतबहिणींनासुद्धा मी ओवाळणीच्या ताटाला हात लावू दिला नव्हता. मी निरांजनात तेल घातलं आणि ताट आक्काच्या हातात दिलं.